ती साखर नव्हती

प्रल्हाद गेल्याचा फोन आला तेव्हा मी गुलमंडीत एका कापडाच्या दुकानात बसलो होतो. नातीच्या शाळेच्या कार्यक्रमासाठी पांढरं कापड हवं होतं. दुकानदारानं ठाण उलगडलं होतं, हातात कात्री घेतली होती, आणि फोन वाजला. कमलवहिनी होत्या, प्रल्हादची बायको. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. सकाळी फिरून आले, चहा मागितला, आणि चहा होईपर्यंत खुर्चीतच... मी "निघालोच" म्हणालो आणि फोन ठेवला. दुकानदार अजून थांबला होता. "काटूं क्या साब?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. त्यानं कापड कापून, घडी घालून माझ्या हातात दिलं. बाहेर आल्यावर रिक्षा कुठल्या बाजूला मिळते हे मला काही केल्या आठवेना. या शहरात मी चाळीस वर्षं राहतो आहे.

त्याला आता पाच आठवडे होऊन गेले. डॉ. प्रल्हाद हिवराळे हे नाव या पुरवणीच्या वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असेल. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत तो तपासणी विभागाचा प्रमुख म्हणून निवृत्त झाला, अशी त्याची ओळख सांगता येते. पण त्याच्या आधीची सात वर्षं त्यानं जे काम केलं ते ऐकून लोक हसायचे. जिवंत, हिंडत्याफिरत्या उंदराच्या मेंदूत साखर किती आहे, ती कधी वाढते, कधी घटते, हे मोजायचं. त्या सात वर्षांतला बराचसा काळ मी त्याच्या शेजारच्या टेबलावर होतो. मधली दीड वर्षं नव्हतो. का नव्हतो, तेही सांगायचं आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. वाळूजच्या बाजूला दर सहा महिन्यांनी गेलं तर ओळखीच्या शेतात नवी भिंत आणि भिंतीवर नवी पाटी दिसायची. आमच्या गावाकडची पोरं पहिल्या पाळीला जायची ती डबा घेऊन, कंपनीचा बिल्ला लावून, आणि मी पदव्युत्तर शिकलेला, उंदीर सांभाळायचो. आम्ही जिथं काम करत होतो त्या संशोधन केंद्राचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ते आता नाही आणि तिथली बहुतेक माणसंही नाहीत. केंद्राच्या कुंपणाच्या भिंतीवर एका बाजूनं "नामांतर झालंच पाहिजे" असं निळ्या रंगात लिहिलेलं असायचं, दुसऱ्या बाजूनं "होऊ देणार नाही" असं गेरूनं. दोन्हींवर कुणीतरी चुना मारायचं. चुन्याखालून दोन्ही अक्षरं वाचता यायची.

आम्हां दोघांची ओळख सरांनी करून दिली. सर म्हणजे आमचे मार्गदर्शक, पन्नाशीचे, कमी बोलणारे. म्हणाले, "हा मल्हारी, याला प्राणी कळतात. हा प्रल्हाद, याला तारा कळतात. आता दोघांनी मिळून काय ते बघा." तार म्हणजे केसाहून थोडी जाड अशी प्लॅटिनमची तार. तिच्या टोकावर एका एन्झाइमचा थर चढवायचा. हे एन्झाइम साखरेवर काम करतं, त्यातून एक दुसरा पदार्थ तयार होतो, आणि तो पदार्थ तारेच्या टोकाशी आला की अगदी सूक्ष्म वीज वाहते. साखर जास्त तर वीज जास्त. ती वीज मोठी करून कागदावर पेनानं उमटवायची. ही तार, म्हणजे हा सेन्सर, उंदराला भूल देऊन त्याच्या मेंदूत बसवायचा, कवटीवर पक्का करायचा, आणि उंदीर शुद्धीवर येऊन पिंजऱ्यात फिरू लागला की बघत बसायचं. सेन्सर प्रल्हादनं करायचा, बसवायचा मी.

पहिल्या उंदराच्या वेळी माझा हात हलला नाही, याचं सरांना नवल वाटलं. मला वाटलं नाही. आमच्या घरी मेंढरं. वडिलांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. एखादी मेंढी एकाच बाजूला गरगर फिरायला लागली की वडील तिचं डोकं मांडीत धरून अंगठ्यानं कवटी चाचपत जायचे. एका जागी हाड मऊ लागायचं. "हितं हाय," म्हणायचे. आत गाठ असायची. हे मी प्रल्हादला सांगितलं तेव्हा तो तार घासत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "गाठ नसती ती. पाण्याचा फुगा असतो, पांढरा."

"तुला काय माहीत?"

"माझ्या आज्यानं पाहिलेला. मेलेली जनावरं आमच्याकडंच यायची ना. तुझ्या वडलांनी वरनं ओळखायचा, माझ्या आज्यानं उघडून बघायचा." मग तारेकडं बघत म्हणाला, "माझ्या वडलांनी सोडलं ते काम. मी नाही बघितलं."

तो हे सांगताना हसला नाही आणि चिडलाही नाही. मी उंदराचं तापमान बघितलं. आमच्या मैत्रीची सुरुवात मी तिथून धरतो. तो वेरुळापलीकडच्या एका खेड्यातला. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी गावोगाव जे झालं त्यात त्यांचं घर गेलं. हे मला त्यानं तीन वर्षांनी सांगितलं, तेही एका अर्जाच्या निमित्तानं. शाळेच्या दाखल्यावर 'दुसरी प्रत' असा शिक्का का आहे, असं मी विचारलं, तर म्हणाला, "पहिली जळाली." नंतर नामांतराच्या प्रत्येक मोर्चाला तो जायचा, एकदा आठ दिवस तुरुंगातही राहून आला, आणि आल्यावर कपडे बदलून थेट तारांना बसला. घोषणा देताना मी त्याला कधी पाहिलं नाही. त्याच्याबरोबर जाणारे सांगायचे, मोर्चात तो कडेनं चालतो, म्हाताऱ्यांना पाणी देत.

दोन वर्षं काहीच हाती लागलं नाही. तारा तुटायच्या, उंदीर पाय वर करून कवटीवरचं बांधकाम ओरबाडून काढायचे. शेजारच्या खोलीतला पंखा सुरू झाला की पेन कागदभर नाचायचं. तिसऱ्या वर्षी मात्र जमलं. उंदीर शांत बसलेला असताना पेन सरळ रेघ ओढायचं. मी पिंजऱ्यावर टिचकी मारली, उंदीर दचकला, इकडंतिकडं धावला, की रेघ त्या क्षणी वर चढायची आणि दहाएक मिनिटांत हळूहळू खाली यायची. फार सुंदर लाट होती ती. भ्यायलेल्या मेंदूकडं साखर धावत जाते आणि ती जाताना आम्हांला दिसते, असा त्याचा अर्थ. एका उंदरात दिसली, मग चौथ्यात, पाचव्यात. सरांनी लेख लिहिला, परदेशातल्या एका नियतकालिकाकडं पाठवला, आणि तो स्वीकारल्याचं पत्र आलं. केंद्रात पेढे वाटले गेले. माझा प्रबंध आणि प्रल्हादचा प्रबंध, दोन्ही त्या लाटेवर उभे होते. आमच्या घराण्यात मी पहिला शिकलेला. वडिलांनी गावात सांगून टाकलं होतं की पोरगा डॉक्टर होतोय, फक्त औषध देणारा नाही.

त्याच सुमारास शहरात संचारबंदी लागली. नामांतराच्या त्या शेवटच्या वर्षांत शहर कधी बंद होईल याचा नेम नसायचा. आदल्या दिवशी आम्ही सात नंबरच्या उंदराला सेन्सर बसवला होता. आमचं वसतिगृह केंद्राच्या मागंच होतं आणि मधली भिंत एका जागी पडलेली होती, म्हणून आम्ही दोघं रोज सकाळी तिथून जाऊन उंदरांना पाणी द्यायचो, हरभरे द्यायचो. बाकी कुणीच येऊ शकत नव्हतं. यंत्रं बंद होती. सेन्सरवरचं एन्झाइम शरीरात तीन-चार दिवसच टिकतं हे आम्हांला ठाऊक होतं. सात नंबर फुकट गेला असं धरून आम्ही त्याला नुसतं जगवत होतो. नवव्या दिवशी करायला काही नव्हतं म्हणून मी रेकॉर्डर सुरू केला आणि पिंजऱ्यावर टिचकी मारली. लाट आली. तीच, तशीच, सुरेख.

मी ओरडलोच. नऊ दिवस टिकणारा सेन्सर! जगात कुणाचा टिकला नसेल. मी प्रल्हादच्या पाठीवर थाप मारली. तो कागदाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आन् ती मेलेली असली तर?"

"काय मेलेलं?"

"तार रे. एन्झाइम."

मी म्हणालो, मेलेली तार लाट कशी दाखवेल? तो म्हणाला, "तेच इचारतोय मी."

दुसऱ्या दिवशी आम्ही तो सेन्सर काढला. त्यासाठी सात नंबरला संपवावं लागलं. ते काम मी केलं. प्रल्हादनं तार धुतली, पेल्यातल्या पाण्यात धरली आणि त्यात साखरेचं द्रावण टाकलं. पेन हललं नाही. अजून टाकलं. हललं नाही. तार खरंच मेलेली होती. मग तो उठला, आवारातच राहणाऱ्या पहारेकऱ्याकडं गेला आणि चहात पिळायला आणलेलं अर्धं लिंबू घेऊन आला. लिंबाचे चार थेंब पेल्यात टाकले. पेन वर चढलं.

मेंदूत क जीवनसत्त्व भरपूर असतं, प्राणी दचकला, हलला की ते वाढतं, आणि प्लॅटिनमच्या तारेला एन्झाइमशिवायही ते कळतं, हे आम्ही वाचलेलं होतं. थोडंफार मिसळत असेल, असं म्हणून सगळ्यांनीच सोडून दिलेलं होतं. "लिंबू म्हंजी पुरावा नव्हं," प्रल्हाद म्हणाला. "लिंबात धा गोष्टी असत्यात." पण आवाजावरून त्याला कळलं होतं. दोन दिवसांनी संचारबंदी काही तास उठली, तेव्हा तो औरंगपुऱ्यात एका ओळखीच्या औषध दुकानदाराकडं जाऊन शुद्ध क जीवनसत्त्वाची पूड घेऊन आला. मेंदूत असते तेवढीच पूड टाकली, आणि पेन आमच्या लाटेएवढंच चढलं. ती साखर नव्हती. पहिल्या दिवसापासून नव्हती.

यापुढचं संभाषण मी कुणाला सांगितलेलं नाही. प्राणिगृहाच्या पायरीवर आम्ही बसलो होतो, दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मी म्हणालो, "दोन महिने थांब. प्रबंध जाऊ दे, परीक्षक येऊ दे, पदवी हातात येऊ दे. मग सांग काय सांगायचं ते."

तो म्हणाला, "लेख छापून येईल तवर."

"येऊ दे. जगात शंभर लेख चुकीचे निघतात. कुणी फाशी देतं का?"

"तुला नाय देणार."

मला कळलं नाही. तो बोलला, नेहमीपेक्षा सावकाश. "हे बघ, मल्हारी. तू चुकलास तर मल्हारी चुकला. मी चुकलो तर ते मी एकटा चुकत नाय. बाहेर भिंतीवर काय लिहिलंय बघतोस ना? उद्या दुसऱ्या कुणी ही चूक काढली तर काय म्हणत्याल... तवा मीच काढलेली बरी."

"अन् आत्ता सांगितलंस तर काय म्हणतील? हेच म्हणतील ना?"

"म्हणत्याल," तो म्हणाला. "पर ते खोटं असंल."

त्यावर मी जे बोललो ते लिहितो. मी म्हणालो, "तुझं काय जातंय? तुला राखीव जागा हाय."

सवलत मलाही होती. तिच्यावरच मी तिथपर्यंत आलो होतो. ते मला त्या क्षणी आठवलं नाही, किंवा आठवलं असेल तरी बोलायच्या आड आलं नाही. प्रल्हादनं माझ्याकडं पाहिलं. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो उठला, पायजमा झटकला आणि आत गेला. उंदरांना पाणी घालायची वेळ झाली होती.

संचारबंदी उठली त्या सकाळी मी पहिल्या एसटीनं गावी निघून गेलो. प्रल्हाद एकटा सरांकडं गेला. तिथं काय झालं ते नंतर सरांच्याच तोंडून ऐकलं. सरांनी ऐकून घेतलं, मग स्वतः उठून ताजा पेला घेतला, तार धरली, साखर टाकली, मग ती पूड टाकली. तीनदा केलं. नंतर टाइपरायटर पुढं ओढून लेख मागं घेत असल्याचं पत्र टाइप करायला बसले. प्रल्हादला म्हणाले, "तू जा. जेवून घे."

मी परत आल्यावर सरांनी मला दुसरा विषय दिला, उंदरांच्या यकृताचा, कंटाळवाणा पण धोका नसलेला. दीड वर्षात माझा प्रबंध झाला. प्रल्हादचा विषय त्यानं बदलला नाही. त्याची शिष्यवृत्ती संपली, तेव्हा तो औरंगपुऱ्यातल्या एका शिकवणीत बारावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवून उरलेला वेळ केंद्रात यायचा. लोक बोलायचे ते बोललेच. चहाच्या टपरीवर एक गृहस्थ मला ऐकू जाईल असं म्हणाले, "तरी आम्ही म्हणत होतो, हे काम येरागबाळ्याचं नाही." आणि त्याच्या चळवळीतला एक मित्रही त्याच्यावर चिडला होता: "नामांतर तोंडावर आलंय, आन् तुला आत्ताच खरं बोलायचं सुचलं?" प्रल्हाद तारा घासत राहिला. माझ्याशी तर त्याचं बोलणंच बंद होतं. खरं म्हणजे माझंच बंद होतं. तो समोरून आला की मी जिना बदलायचो.

त्याला हवं होतं ते सांगायला सोपं होतं. तारेवर आणखी एक थर असा द्यायचा की जो क जीवनसत्त्वाला अडवेल, आणि शेजारी दुसरी तार अशी ठेवायची की जिच्यावर एन्झाइम नाहीच. पहिलीतून दुसरी वजा केली की उरेल ती साखर. पण थर सारखा बसेना. कुठं जाड, कुठं पातळ. पातळ जागेतून सगळं आत. आठ महिने तो त्यात अडकला होता. सुटका केली ती त्याच्या धाकट्या भावानं, सुभाषनं. सुभाष वाळूजच्या एका कारखान्यात तांब्याच्या तारेवर लाखेचा थर चढवण्याच्या यंत्रावर होता, दहावी नापास. एका रविवारी भावाला डबा द्यायला आला, आणि भाऊ चिमट्यात तार धरून द्रावणात बुडवतोय ते बघत उभा राहिला. मग म्हणाला, "दादा, तार बुडवायची नसती. वढायची असती."

"म्हंजी?"

"खालनं वर, एका चालीनं. हातानं नाय जमायचं. हात थांबतोय मधीच, तितं जाड व्हतंय."

पुढच्या रविवारी तो भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचं यंत्र आणि एक छोटी कप्पी घेऊन आला. त्या घड्याळाच्या चालीनं तार द्रावणातून वर येऊ लागली, मुंगीच्या गतीनं, आणि थर काचेसारखा बसला. प्रबंधाच्या आभारात प्रल्हादनं त्याचं नाव सरांच्या नावानंतर लगेच घातलं. परीक्षकांनी विचारलं, हे कोणत्या संस्थेतले? तर म्हणाला, "पहिल्या पाळीतले."

मग एका सकाळी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. दीड वर्षानंतर. माझा प्रबंध नुकताच गेला होता. नमस्कार नाही, चौकशी नाही. म्हणाला, "चार उंदीर गेले माझ्या हातनं. तार चांगली हाय, हात चांगले नायत. तू येतोस का?"

मी म्हणालो, "त्या दिवशी मी..."

"ते ऱ्हाऊ दे. येतोस का सांग. भूल दिलेली हाय."

मी गेलो. उंदीर डोकं पक्कं धरणाऱ्या चौकटीत होता, श्वास नीट होता. मी हात धुतले. त्या दिवशी आणि पुढचे सहा महिने आम्ही कामापुरतं बोललो, आणि काम बरंच असल्यामुळं हळूहळू सगळंच बोलायला लागलो. पण पायरीवरचा विषय त्यानं कधी काढला नाही आणि माझी छाती झाली नाही.

खरी साखर कशी वागते ते शेवटी दिसलं. टिचकी मारली, उंदीर दचकला, की रेघ आधी किंचित खाली जायची, डोळे ताणून बघावं लागेल इतकी. मेंदू जवळची साखर वापरून टाकतो ती ही. मग कितीतरी वेळानं, उंदीर पुन्हा शांत झाल्यावर, ती सावकाश वर चढायची. आमच्या जुन्या लाटेच्या बरोबर उलटं. त्यात सुंदर असं काही नव्हतं. प्रल्हाद त्या खळग्यावर नख ठेवून म्हणाला, "घाबरल्या घाबरल्या आधी जवळचंच संपतं बघ." एका लहानशा नियतकालिकात तो लेख छापून आला. कुणी आमच्याआधी, कुणी आमच्यानंतर, चांगल्या साधनांनी तेच पाहिलं. आमचा लेख फारसा कुणी वाचला असेल असं वाटत नाही.

मधल्या काळात नामांतराचा निर्णय झाला. त्या दिवशी प्रल्हाद केंद्रात होता. बाहेर फटाके वाजले, कुठंतरी दगडफेकही झाली. तो उठून विद्यापीठाच्या दिशेनं चालत गेला, दीड तासानं परत आला आणि म्हणाला, "गर्दी लई व्हती. पाटी दिसली नाय, पर लावतायत म्हने." पुढं काही महिन्यांनी त्याला पदवी मिळाली. माझ्या पदवीवर विद्यापीठाचं जुनं नाव आहे, त्याच्या पदवीवर नवं. तीन वर्षं फुकट गेली असं सगळे म्हणायचे, मीही म्हणायचो. ती गेली नसती तर त्याच्याही कागदावर जुनंच नाव असतं. हे मी त्याला बोलून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "त्याच्यासाठी नव्हतं केलेलं." पण पदवी घेऊन तो गावी गेला तेव्हा मी सोबत होतो. त्याच्या आईला वाचता येत नव्हतं. तिनं कागद उलटसुलट बघितला आणि विचारलं, "कुठं लिवलंय रं नाव?" त्यानं तिचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. ती म्हणाली, "आन् तुझं?" तेही दाखवलं. दोन्ही बोटं, एकेका नावावर एक, अशी ठेवून ती म्हातारी बराच वेळ बसून राहिली, आणि आम्ही दोघं उगाच अंगणातल्या कोंबड्यांकडं बघत राहिलो.

प्राध्यापकाच्या जागेसाठी त्यानं तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. झालं नाही. मग तो औषध कंपनीत गेला आणि तिथंच राहिला. तिथं त्याची ख्याती फारशी गोड नव्हती. तो माल नाकारायचा. शंका आली की सही करायचा नाही, आणि वरच्यांनी कितीही बोलावलं तरी फक्त म्हणायचा, "पुन्हा तपासू." त्याच्या हाताखालची मुलं पाठीमागं त्याला 'पुन्हा तपासू साहेब' म्हणायची. तीच मुलं त्याला खांदा द्यायला होती. मी एका महाविद्यालयात शिकवलं, निवृत्त झालो. महिन्यातून एकदा भेट व्हायची, वयाप्रमाणं गुडघे आणि मुलं यांवर बोलणं व्हायचं.

गेल्या आठवड्यात कमलवहिनींनी बोलावलं म्हणून गेलो. सिडकोतलं घर, वरची छोटी खोली. भिंतीभर कपाट आणि कपाटात त्याच्या प्रयोगांच्या वह्या, काळ्या पाठीच्या, सालवार. वहिनींनी त्यातली एक काढून माझ्या हातात दिली. "त्यांनी खूण घालून ठेवलीय," म्हणाल्या. "म्हणायचे, मी गेल्यावर ही मल्हारीला दाखव. वाचंल आन् काय ते करंल." त्या चहा टाकायला खाली गेल्या.

खूण संचारबंदीतल्या त्या दिवसाच्या पानावर होती. पेला, साखर, पूड, पेनाची उंची, सगळं त्याच्या बारीक सरळ अक्षरात. शेवटी एक ओळ: 'वरील दोष मल्हारी व प्रल्हाद यांच्या एकत्र ध्यानात आला, सरांना कळवण्याचा निर्णय दोघांचा.' खाली त्याची सही आणि सरांची सही, संचारबंदी उठली त्या दिवसाची. म्हणजे मी एसटीत बसलो होतो तेव्हा तो माझं नाव लिहून ती वही सरांपुढं ठेवत होता. मला आठवलं, माझ्या नोकरीच्या मुलाखतीत एक परीक्षक म्हणाले होते, तुमच्या सरांनी लिहिलंय की स्वतःच्या हातानं स्वतःचं संशोधन खोडणारा माणूस आहे, असा आम्हांला हवाच आहे. तेव्हा मला वाटलं होतं, सरांचा मोठेपणा, किंवा गैरसमज. मी गप्प बसलो होतो, आणि नोकरी मिळाली होती.

आयुष्यभर एकही आकडा न फिरवणाऱ्या माणसाच्या वह्यांत ही एक ओळ खोटी आहे, आणि ती माझ्यासाठी आहे. ती खोटी आहे हे सांगू शकणारा आता मी एकटाच उरलो.

प्रयोगाच्या वहीत खाडाखोड करत नाहीत. चूक असेल तिथं एकच आडवी रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे अशी, आणि शेजारी सही नि तारीख. मी खिशातलं पेन काढलं. माझ्या नावावर रेघ मारली, 'एकत्र' वर मारली, 'दोघांचा' वर मारली. सही केली, रेघ मारली त्या दिवसाची तारीख घातली. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा मी वही उघडीच त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ते पान वाचलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि चहाचा कप टेबलावर ठेवला.

"बसा," त्या म्हणाल्या. "त्यांच्याच खुर्चीत बसा, दुसरी नाहीये इथं."

मी बसलो. कपाटातल्या रांगेत त्या वहीएवढी जागा रिकामी होती. वहिनींनी वही माझ्या हातातून घेतली आणि तिथं लावून ठेवली.